पराभूत संघासाठीं गुरूची निवड

एखादी संस्था वर्षानुवर्षें अपयशी ठरूं लागली म्हणजे तिच्या चालकांच्या मनांत पहिला विचार येतो तो माणूस बदलण्याचा. शाळेचा निकाल घसरला कीं मुख्याध्यापक बदलावा, पेढी बुडूं लागली कीं मुनीम बदलावा, ही रीत सर्वत्र एकच आहे. परंतु नवा माणूस कोणत्या कसोटीवर घ्यावा, याचा विचार तितक्या कसोशीनें होत नाहीं. या प्रश्नाचा अभ्यास करावयाचा तर अमेरिकेंतील विद्यापीठांच्या फुटबॉल-संघांइतकें स्पष्ट उदाहरण क्वचितच सांपडेल. कारण तेथें प्रत्येक निवडीचें फळ दरवर्षीं जयापजयांच्या आंकड्यांत जगापुढें मांडलें जातें.

प्रथम एक खुलासा करणें अवश्य आहे. हा फुटबॉल म्हणजे आपल्याकडील पायांनीं खेळावयाचा खेळ नव्हे. यांत चेंडू लांबट असून तो मुख्यतः हातांत घेऊन पळावयाचा अगर फेंकावयाचा असतो. प्रत्येक बाजूस अकरा गडी. पण चढाईचे निराळे, बचावाचे निराळे, त्यामुळें संघाची एकूण संख्या शंभराच्या घरांत जाते. प्रत्येक चाल आधीं रचलेल्या व्यूहाप्रमाणें खेळली जाते. म्हणून तेथील मुख्य प्रशिक्षक हा तालमींतला वस्ताद, रणांगणावरचा सेनापति आणि घरोघर फिरून गडी जमविणारा भरती-अधिकारी असा तिहेरी माणूस असतो. ज्या घरांतील मुलें शिक्षणासाठीं तिकडे गेलीं आहेत, त्यांना शरदांतील शनिवारीं सारें गांव मैदानाकडे कसें लोटतें हें ऐकून ठाऊक असेलच.

आतां एक खरी हकीकत पाहूं. कॅन्सस राज्यांतील मॅनहॅटन या लहानशा गांवीं कॅन्सस स्टेट हें विद्यापीठ आहे. १९८७ व १९८८ या दोन हंगामांत त्याच्या संघाला एकही विजय मिळाला नाहीं. बावीसांपैकीं एक सामना बरोबरींत सुटला, एवढेंच काय तें यश. १९८८ अखेर संघाच्या साऱ्या इतिहासाची बेरीज २९९ विजय आणि ५१० पराभव अशी होती. देशांतील वरच्या दर्जाच्या संघांत पांचशें पराभवांचा आंकडा सर्वांआधीं याच संघानें गांठला. अशा ठिकाणीं कोण शहाणा येणार?

विद्यापीठाचे अध्यक्ष जॉन वेफल्ड आणि क्रीडा-संचालक स्टीव्ह मिलर यांनीं नोव्हेंबर १९८८ मध्यें बिल स्नायडर यांची निवड केली. स्नायडर त्या वेळीं एकूणपन्नास वर्षांचे होते. विद्यापीठीय फुटबॉल-संघाचें मुख्य प्रशिक्षकपद त्यांनीं पूर्वीं कधींही भूषविलेलें नव्हतें. वरवर पाहतां ही निवड धाडसाची वाटेल. परंतु १९७९ पासून दहा वर्षें ते आयोवा विद्यापीठांत हेडन फ्राय यांच्या हाताखालीं चढाईच्या खेळाचे प्रमुख होते. आयोवाचा संघही फ्राय येण्यापूर्वीं दीर्घकाळ पडत्या अवस्थेंत होता, आणि तिसऱ्याच हंगामांत तो मानाच्या रोझ बोल सामन्यापर्यंत पोंचला. म्हणजे मोडलेलें घर पुन्हा कसें उभारावें, हें स्नायडर यांनीं आंतून पाहिलेलें होतें. निवड करणाऱ्यांनीं प्रसिद्धीपेक्षां या अनुभवाची किंमत केली, येथेंच त्यांचें शहाणपण दिसतें.

पहिल्या वर्षीं काय झालें? ३० सप्टेंबर १९८९ रोजीं नॉर्थ टेक्सस संघाविरुद्ध अगदीं शेवटच्या चालीवर २० विरुद्ध १७ असा एक विजय मिळाला. त्या हंगामांतला तो एकच. बाकी दहा सामने गेले. पुढील वर्षीं पांच विजय, त्यापुढें सात, मग पुन्हा पांच, आणि १९९३ मध्यें नऊ. तेथून सलग अकरा हंगाम हा संघ हंगामोत्तर मानाच्या सामन्यांस पात्र ठरला. मधल्या तीन वर्षांची निवृत्ति सोडून स्नायडर २०१८ पर्यंत त्या पदावर राहिले व २१५ विजय मिळवून गेले. आज तेथील मैदानास त्यांच्या कुटुंबाचें नांव आहे.

येथें वाचकांनीं एक गोष्ट लक्ष्यांत घ्यावी. पहिल्या वर्षाच्या अखेरीस एक विजय व दहा पराभव पाहून चालकांनीं हात आंखडता घेतला असता, तर पुढचें कांहींच घडलें नसतें. स्नायडर यांनींही चमत्काराची वाट पाहिली नाहीं. आसपासच्या दुय्यम महाविद्यालयांतून तयार गडी आणले, आपल्या हातांतील सामन्यांसाठीं झेपतील असे प्रतिस्पर्धी निवडले. यावर टीका पुष्कळ झाली. पण अशक्त मुलाला पहिल्याच दिवशीं पहिलवानापुढें उभा करणारा वस्ताद शहाणा म्हणतां येत नाहीं.

उलट बाजूही पाहूं. नेब्रास्का विद्यापीठानें २००३ मध्यें फ्रँक सोलिच यांना दूर केलें, तें त्यांच्या संघानें त्या हंगामांत नऊ सामने जिंकले असतांना. दोनच वर्षांपूर्वीं त्यांनीं संघाला राष्ट्रीय अजिंक्यपदाच्या सामन्यापर्यंत नेलें होतें. पूर्वीचें वैभव तात्काळ परत हवें, ही त्यामागची इच्छा. परंतु लगेच पुढल्या वर्षीं, १९६१ नंतर प्रथमच, तेथें विजयांपेक्षां पराभव अधिक झाले. आणि नवे प्रशिक्षकही २००७ अखेर गेले. किंचित् सर्दीवर शस्त्रक्रिया करणाऱ्या वैद्याची ही गत होय. रोग कोणता हें ठरल्यावांचून औषध बदलण्यांत अर्थ नसतो.

हल्लीं मात्र परिस्थिति पालटली आहे. २०२१ पासून खेळाडूंना हंगाम न गमावतां एका विद्यापीठांतून दुसऱ्यांत जातां येऊं लागलें. त्याच वर्षीं आपल्या नांवावर पैसा मिळविण्याचीही मुभा त्यांना मिळाली. आणि २०२५ पासून विद्यापीठें स्वतः खेळाडूंना पैसे देऊं शकतात. त्यामुळें संघ पूर्वींपेक्षां फार लवकर उभारतां येतो, तसाच तो फार लवकर विसकटतोही. इंडियाना विद्यापीठाचा संघ २०२३ मध्यें तीन विजय व नऊ पराभव असा बसला होता. त्यानें बासष्ट वर्षांचे कर्ट सिग्नेटी यांना आणलें. या गृहस्थांनीं २०११ मध्यें अलाबामासारख्या बलाढ्य संघांतील साहाय्यकाची जागा सोडून एका लहान महाविद्यालयाचें मुख्यपद पत्करलें होतें, आणि तेथून पायरी-पायरीनें जेथें गेले तेथें संघ जिंकता केला होता. इंडियानानें २०२४ मध्यें अकरा सामने जिंकले, आणि १९ जानेवारी २०२६ रोजीं मायामीचा पराभव करून, एकही सामना न हरतां राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविलें.

स्नायडर यांस चार वर्षें धीर धरावा लागला, सिग्नेटी यांस एकही नाहीं. तरी दोघांच्या निवडींतील सूत्र एकच दिसतें. पडलेलें उभें करण्याचें काम ज्यानें जवळून पाहिलें किंवा स्वतः केलें आहे, त्याला बोलावलें; त्याचें नांव मोठें आहे कीं नाहीं, हें पाहिलें नाहीं.

या व्यवहाराची काळी बाजूही सांगितली पाहिजे. चुकीच्या निवडीचा दंड भयंकर असतो. टेक्सस ए अँड एम विद्यापीठानें २०२३ मध्यें आपल्या प्रशिक्षकाला मुदतीपूर्वीं दूर केलें, तेव्हां कराराप्रमाणें त्यांचें देणें साडेसात कोटी डॉलरांहून अधिक निघालें. अनेक राज्यांत तर सरकारी पगारदारांत सर्वांत अधिक वेतन प्रशिक्षकालाच मिळतें; व्याकरण अगर गणित शिकविणाऱ्या प्राध्यापकाला नव्हे. ज्यानें आयुष्य शाळेच्या फळ्यापुढें घालविलें, त्याला हें वाचून विषाद वाटल्यावांचून राहत नाहीं. शिवाय या धडपडींत अठरा-वीस वर्षांचीं मुलें असतात. एखाद्या गुरूच्या शब्दावर विश्वासून मुलगा घर सोडून येतो, आणि दुसऱ्याच वर्षीं गुरु अधिक वेतनासाठीं अन्यत्र जातो किंवा काढला जातो. विद्यार्थ्याचीं तीं चार वर्षें कोणत्याही करारांत भरून देतां येत नाहींत.

म्हणून निवड-समितीनें उमेदवाराची परीक्षा घेण्यापूर्वीं स्वतःची घ्यावी, असें माझें मत आहे. आपला संघ कां हरतो आहे? साधनें अपुरीं आहेत, गडी अपुरे आहेत, कीं शिकवणूक अपुरी आहे? नव्या माणसाला आपण किती वर्षें देणार, आणि पहिल्या वर्षीं दहा पराभव झाले तरी त्याच्या पाठीशीं उभे राहणार काय? या प्रश्नांचीं उत्तरें आधीं लिहून ठेवावींत, मगच दारावर पाटी लावावी. निरुपयोगी माणूस क्वचित्, त्याची योजना करणाराच दुर्मिळ, असें आपले पूर्वज समजत. कॅन्ससच्या त्या लहान गांवीं तसे योजक लाभले. गडी आणि गुरु हे त्यांच्या मागून आले.