सायलेन्सरच्या पोटातली जाळी

नव्वदच्या दशकात नाशिकच्या द्वारका चौकात सिग्नल सुटला की निळसर धूर उठायचा. चेतक, लुना, यामाहा आरएक्स-१००, सगळ्या टू-स्ट्रोक. पंपावर पेट्रोलबरोबर टू-टी ऑइल मापून घ्यायचं आणि त्यातलं बरंचसं मागून येणाऱ्याच्या नाकात सोडायचं, असा मामला. त्या इंजिनात ताजं मिश्रण आत शिरतानाच थोडं न जळता सायलेन्सरवाटे निसटायचं.

१९९१ साली या धुरावर पहिली मर्यादा आली, १९९६ला ती आवळली गेली आणि आरएक्स-१०० बंद झाली. शौकीन अजून हळहळतात. २००० नंतर टू-स्ट्रोकला धुरातले घातक वायू कमी करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरचा टेकू घ्यावा लागला. त्याच वर्षी फेब्रुवारीपासून देशभर शिसेमुक्त पेट्रोल आलं, तेव्हाच हे शक्य झालं. कारण शिसं कन्व्हर्टरला निकामी करतं. पण चौकातला धूर हटवला तो खरं तर अ‍ॅव्हरेजच्या हिशेबानं. लोक फोर-स्ट्रोककडे वळले ते पेट्रोल वाचवायला.

कन्व्हर्टर कापून पाहिला तर आत मधाच्या पोळ्यासारखी बारीक धातूची जाळी दिसते. तिच्यावर प्लॅटिनम, पॅलेडियम, ऱ्होडियमचा लेप. तापमान अडीचशे-तीनशे अंशांवर गेल्याशिवाय ती नीट कामाला लागत नाही, म्हणजे डिसेंबरच्या नाशिकमधल्या पहाटेचा पहिला धूर जवळपास तसाच बाहेर.

२९ मार्च २०१७ला सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिलपासून जुन्या बीएस-थ्री प्रदूषण मानकाच्या गाड्यांची विक्री थांबवली. दोन दिवस देशभर शोरूममध्ये झुंबड. हजारोंची सूट पाहून धूर कोणाला आठवतो? एप्रिल २०२०ला बीएस-सिक्स आलं आणि बहुतेक गाड्यांतून कार्ब्युरेटर गेला. ‘पीयूसीपुरता स्क्रू मारून द्या’ म्हणणारं गिऱ्हाईकही त्याच्याबरोबर गेलं. आता मिस्त्री स्कॅनर लावतो, ओ-टू सेन्सर तपासतो. एप्रिल २०२५पासून तर नव्या गाड्या खुद्द कन्व्हर्टरवरच नजर ठेवतात.

तरी कॉलेज रोडला मूळ सायलेन्सर उतरवून फटफटणारा बसवणारे आहेतच. पुष्कळ गाड्यांत कन्व्हर्टर त्या सायलेन्सरमध्येच असतो, तोही भंगारात जातो. पोलीस पकडतात ते आवाजासाठी. पीयूसीवाला नळी खुपसतो ती गाडी आयडलला असताना, आणि रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर पिळल्यावर काय बाहेर पडतं ते त्या कागदावर येत नाही.