रबरबँडनं केस तुटतात? घरीच शिवा स्क्रंची!

आधी एक काम करा. केसांतला रबरबँड काढा आणि बघा, त्याला किती केस अडकलेत. चार-पाच? मग आजचा भाग तुमच्यासाठीच.

होतं काय, उघडं रबर केसाला चिकटतं आणि काढताना केस मधेच तुटतो. अमेरिकेतल्या रॉमी रेव्हसन यांनी १९८७ मध्ये स्क्रंचीचं पेटंट घेतलं, तेही असाच त्रास झाल्यावर. युक्ती साधी आहे: इलॅस्टिक आत, कापड बाहेर.

आता शिवूया. आईच्या जुन्या रेशमी साडीचा ४५ सेंटिमीटर लांब, १० सेंटिमीटर रुंद तुकडा घ्या (विचारून हं!). सुलट बाजू आत ठेवून लांबीत दुमडा आणि कडेनं बारीक धावदोरा घाला. दोन्ही टोकं उघडी ठेवा. मग ही नळी सुलट करा. २० सेंटिमीटर इलॅस्टिकला सेफ्टी पिन लावून परकरात नाडी ओवतो तसं ओवा. इलॅस्टिकची गाठ मारा, कापडाचं एक टोक दुसऱ्यात घालून शिवा. झालं!

पण स्क्रंची असली तरी ओले केस बांधू नका, ते लवकर तुटतात. रोज करकचून पोनीटेलही नको. कपाळाजवळचे केस विरळ होतात, आणि वर्षानुवर्षं असंच चाललं तर ते परत येतीलच असं नाही. आज पोनीटेल, उद्या सैल वेणी, परवा मानेवर अंबाडा, असं बदलत राहा.

तुमची स्क्रंची कशी झाली, नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!