सही करण्याआधी वाचा : दिव्यांग मुलांच्या पालकांसाठी

शाळेतून निरोप येतो, "विशेष शिक्षक आलेत, सही करायला या." शहापूर किंवा मुरबाडच्या एखाद्या गावातली आई रोज बुडवून, एसटी पकडून पोहोचते. दाखवतील तिथे सही करून परत येते. मुलाचं पुढे काय ठरलं, हे घरात कुणालाच कळत नाही. हे बदलायला हवं, असं आम्हाला वाटतं.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत. वाचन-लेखनातली विशिष्ट अडचण आणि स्वमग्नताही त्यात येते. ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा पसंतीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. ही मेहेरबानी नव्हे.

समग्र शिक्षा योजनेत अशा मुलासाठी वैयक्तिक शैक्षणिक आराखडा, म्हणजे आयईपी, केला जातो. बैठकीत चार गोष्टी विचारा: मुलाला आज काय येतं? पुढच्या तीन महिन्यांत काय शिकवणार? कोण, आठवड्यातून किती दिवस शिकवणार? पुन्हा कधी बसायचं? "वाचन सुधारेल" एवढ्यावर समाधान मानू नका. "दिवाळीपर्यंत दोन अक्षरी दहा शब्द वाचेल" असं लिहून घ्या.

घरात उर्दू, दखनी किंवा कोकणी बोलत असाल आणि शाळा मराठी असेल, तर ते आवर्जून सांगा. भाषा नवी असणं म्हणजे दिव्यांगत्व नव्हे. उलट, "भाषेमुळे होतंय" म्हणून खरी अडचणही मागे पडू नये.

एक फाइल करा. तिच्यात आधार, जन्मदाखला, डॉक्टरांचे कागद, यूडीआयडी कार्ड आणि आराखड्याची प्रत ठेवा. आपल्याकडे एका कागदावर 'शेख', दुसऱ्यावर 'शैख' असं होतं आणि अर्ज अडकतो. स्पेलिंग आधीच जुळवून घ्या. प्रमाणपत्राची वाट पाहत मुलाला घरी मात्र बसवू नका.

सरकारी शाळेतल्या दिव्यांग मुलींसाठी महिना २०० रुपये, वर्षात दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे. तो बँक खात्यात येतो. दहावीला जादा वेळ आणि लेखनिक मिळू शकतो. त्यासाठी शाळेमार्फत वेळेत अर्ज करावा लागतो.

दाद मिळाली नाही तर आधी मुख्याध्यापक, मग पंचायत समितीतले गटशिक्षणाधिकारी आणि शेवटी पुण्याचे दिव्यांग कल्याण आयुक्त. तक्रार लेखी द्या, पोच घ्या.

"लोक काय म्हणतील, बहिणीचं लग्न कसं होईल" म्हणून मूल लपवणारी घरं आपल्यात आहेत. मूल अल्लाहची अमानत आहे. वाचता येत नसेल तर मोहल्ल्यातल्या शिकलेल्या मुला-मुलीला सोबत न्या. पण कागद वाचून घेतल्याशिवाय सही करू नका.