सर्टिफिकेट मिळालं, पुढे?

उद्योग करणाऱ्या बायकांच्या एखाद्या मेळाव्यात 'आमचं आयएसओ आहे' असं बोलण्यात आलं, की जेवणाच्या वेळी दोघी-तिघी हमखास शेजारी येऊन बसतात. कुणाचा मसाल्यांचा उद्योग असतो, कुणाचं शाळेच्या गणवेशांचं युनिट. प्रश्न ठरलेला असतो, "कसं हो मिळवायचं? खर्च किती येतो?" मिळाल्यावर ते टिकवायचं कसं, हे मात्र आजवर एकीनेही विचारलेलं नाही. साहजिकच आहे म्हणा. पेढे सर्टिफिकेट मिळाल्याचे वाटतात, टिकल्याचे कोण वाटतंय?

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं छोटं मशिन शॉप आहे. फौंड्रीतून ओतून आलेली कास्टिंग घ्यायची, लेथवर आणि व्हीएमसीवर ड्रॉइंगप्रमाणे फिनिश करायची आणि पुढच्या कंपनीला पाठवायची, हे आमचं काम. माणसं अठ्ठावीस. मालक म्हणजे आमचे हे. आणि २००६ मध्ये पहिलं सर्टिफिकेट आलं तेव्हापासून गुणवत्तेच्या सगळ्या फायली माझ्याकडे. शॉपमध्ये सगळे मला 'वैनी' म्हणतात, ऑडिटर आले की तेवढ्यापुरतं 'मॅडम'. ऑफिसात अंबाबाईच्या फोटोशेजारी सर्टिफिकेटची फ्रेम आहे. फ्रेम तीच आहे, पण २०२४ मध्ये तिच्यात गेलेला कागद सातवा.

सातवा, कारण हे सर्टिफिकेट तीन वर्षांचंच असतं. मधल्या काळात दरवर्षी ऑडिटर येऊन पाहणी करून जातात. तिसऱ्या वर्षी मुदत संपायच्या आत पुन्हा सगळं तपासून नवं देतात. पाहणी टाळली तर आधी स्थगिती येते, मग सर्टिफिकेट रद्दही होतं. आणखी एक गंमत म्हणजे, जिनिव्हाची आयएसओ ही संस्था स्वतः कुणालाच सर्टिफिकेट देत नाही. ती फक्त मानकं लिहिते. देणाऱ्या संस्था वेगळ्या, आणि त्या संस्थांना तपासून मान्यता देणारी आपल्याकडे एनएबीसीबी. ऑडिटरचं तोंडही न बघता काही हजारांत कुरियरने घरपोच येणारी सर्टिफिकेटं बाजारात आहेत. त्यांच्यावरचा शिक्का कुणाचा आहे, हे पैसे देण्याआधी बघा एवढंच सांगते.

आणि मसालेवाल्या मैत्रिणींसाठी अजून एक. आयएसओ ९००१ हे काम करण्याच्या पद्धतीचं सर्टिफिकेट आहे, तिखटाचं नाही. पाकिटावर 'आयएसओ प्रमाणित मसाला' छापता येत नाही. खाद्यपदार्थाला एफएसएसएआयचा परवाना लागतो, ते प्रकरण वेगळं.

असो. टिकवण्याबद्दल बोलत होते.

टिकवण्याची एक प्रचलित पद्धत आहे, ती आमच्या एमआयडीसीत सगळ्यांना ठाऊक आहे. ऑडिटच्या आदल्या रात्री दिवे चालू, चहाचा थर्मास भरलेला आणि चारजण बसून अकरा महिन्यांची रजिस्टरं भरताहेत. एकाच पेनाने, एकाच अक्षरात, सगळीकडे 'ओके, ओके, ओके'. एका ओळखीच्यांच्या शॉपमध्ये मी असं रजिस्टर पाहिलं होतं. त्यात पंधरा ऑगस्टलासुद्धा माल तपासलेला होता! त्यांचं सर्टिफिकेट त्या वर्षी टिकलंही.

भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण दुधाचा खाडा लिहितो ना, तसंच आहे हे. ज्या दिवशी दूध घेतलं नाही त्या दिवशी लिहिलं तरच तो हिशेब. महिनाअखेरीस आठवून आठवून लिहिला, तर तो दूधवाल्याशी भांडणापुरताच. पण रोजचा खरा आकडा लिहिण्याची सवय अठ्ठावीस माणसांना लावणं म्हणजे काय, ते मला विचारा. "वैनी, माल काडू का लिवत बसू?" हे मी वर्षानुवर्षं ऐकलंय. त्या लिहिण्याचा उपयोग काय, ते आम्हाला सगळ्यांना २०१६ मध्ये कळलं.

तेव्हा पुण्याच्या एका कंपनीसाठी आम्ही पंपाचं एक ब्रॅकेट करत होतो. आमचं निम्म्याहून जास्त काम त्याच कंपनीचं. ब्रॅकेटला २५ मिलिमीटरचं बोअर, म्हणजे आरपार भोक, आणि त्यात सूट फक्त २१ मायक्रॉनची. केसाच्या जाडीच्या साधारण तिसरा हिस्सा म्हणा. एवढं बारीक प्रत्येक नगाला मोजत बसता येत नाही, म्हणून प्लग गेज वापरतात. त्याला दोन टोकं असतात. 'गो' टोक भोकात गेलं पाहिजे आणि 'नो-गो' जाता कामा नये. दोन सेकंदांत निकाल. पण हजारो वेळा बिडाच्या भोकात जाऊन जाऊन 'गो' टोक झिजतं, बारीक होतं. मग जे भोक लहान म्हणून बाजूला काढायला हवं, त्यातही ते सुखाने जातं. म्हणून अशी साधनं ठरावीक काळाने लॅबमध्ये पाठवून तपासून घ्यावी लागतात. त्यालाच कॅलिब्रेशन म्हणतात.

आमची गेजेस वर्षातून एकदा जायची. त्या वर्षी लॅबचा रिपोर्ट आला, की या गेजचं 'गो' टोक झिजण्याच्या मर्यादेपलीकडे गेलंय. ब्रॅकेटची ऑर्डर दुपटीहून वाढली होती, गेज वर्षाचं काम पाच महिन्यांत करत होतं, कॅलेंडरला ते काय कळणार? ऑडिट तीन आठवड्यांवर आलं होतं.

मानकात याबद्दल एक वाक्य आहे. मोजायचं साधन बिघडलेलं सापडलं, तर त्याने आधी पास केलेल्या मालाचं काय, याचा विचार करून तो लिहून ठेवा. वाचायला साधं वाटतं. पण आधीचा माल म्हणजे गेल्या अकरा महिन्यांचा माल, आणि तो पुण्याला पोचून पंपांमध्ये बसायलाही लागलेला.

हे म्हणाले, "नवीन गेज आजच मागवू. तो रिपोर्ट तेवढा बाजूला ठेव. कंपनीकडून एक शब्द आलेला नाही, आपण कशाला उकरून काढायचं?" आमच्या फोरमन मामांचंही तेच. "आपनच जाऊन सांगायचं व्हय, आमचा माल वाईट हाय म्हनून?" दोघांचं बोलणं मला खोटं वाटलं नाही. ते काम गेलं असतं तर दहा-बारा घरांची चूल अडचणीत आली असती.

तपासणीच्या टेबलावर तेव्हा बारावी झालेली एक मुलगी होती. जवळच्याच गावची, सायकलवरून यायची. प्रत्येक शिफ्टचा पहिला आणि शेवटचा नग डायल बोअर गेजने मोजायचा आणि आकडा लिहायचा, असा नियम होता. बाकीचे तिथे 'ओके' लिहून मोकळे व्हायचे, ही पोरगी आकडाच लिहायची, तोही मायक्रॉनसकट. आमचं बोलणं ऐकत ती उभी होती. म्हणाली, "वैनी, आकडे तर वहीत आहेत की. ते आता कसं बदलायचं?"

त्या रात्री मी तिच्या पाच वह्या घरी नेल्या. जेवणं झाल्यावर आम्ही दोघं त्या घेऊन बसलो. बहुतेक लॉटचे आकडे त्या २१ मायक्रॉनच्या बरोबर मध्यावर होते. तिथे गेज झिजलेलं असलं काय नि नसलं काय, माल चांगलाच होता. फक्त पावसाळ्यातल्या तीन लॉटना शिफ्टच्या शेवटच्या नगाचे आकडे खालच्या काठाला टेकलेले. अकरा महिन्यांचा संशय बाराशे नगांवर आला. रात्री एक वाजता यांनी वही मिटली आणि म्हणाले, "पत्र लिही. सही करतो."

पत्र गेलं. कंपनीने आधी फोनवर चांगलंच सुनावलं. मग ते तीन लॉट थांबवले. आमची दोन माणसं नवं गेज घेऊन एसटीने पुण्याला गेली, तीन दिवस त्यांच्या स्टोअरमध्ये बसून शिल्लक माल तपासला. एकसष्ट नग घट्ट निघाले. लहान भोक मोठं करता येतं, मोठं झालेलं लहान करता येत नाही, तेवढं नशीब. नग परत आणून, पुन्हा बोअर करून पाठवले. डेबिट नोट आली ती वेगळीच. पुढचे काही महिने ऑर्डर निम्म्यावर होती. काम पूर्वीइतकं यायला दिवाळी उलटून गेली. त्या वर्षी बोनस देताना यांनी माझ्या नावावरची एक ठेव मोडली, हे शॉपमध्ये कुणाला माहीत नाही.

ऑडिटरांनी ती फाइल सावकाश वाचली. शाबासकी देतील असं मला उगीच वाटत होतं. त्यांनी चष्मा काढला आणि विचारलं, "आणि बाकीच्या गेजेसचं काय?" दोन तपासून झाली होती, चौदा राहिली होती. एक किरकोळ त्रुटी लिहिली गेली. मला तेव्हा राग आला होता. पण तिच्यामुळेच आमच्याकडे प्रत्येक गेजला कार्ड लागलं. किती नग तपासले याची त्यावर नोंद होते, आणि तो आकडा ठरल्याएवढा झाला की गेज लॅबला जातं, तारीख आलेली असो वा नसो.

त्रुटीला उत्तर देणं हीसुद्धा एक कलाच आहे. पूर्वी सगळीकडे एकच उत्तर चालायचं, 'कामगाराला समज दिली'. बिचाऱ्या कामगाराला वर्षातून किती वेळा समज द्यायची! आता तसं लिहिलं तर ऑडिटर कागद परत करतात. कारण शोधा म्हणतात, आणि कारण माणसापाशी येऊन थांबलं तर अजून एकदा शोधा.

मानकही एका जागी थांबत नाही. १९८७ ला ते आलं, मग १९९४, २०००, २००८, २०१५ असं बदलत गेलं. २०१५ च्या आवृत्तीत जाडजूड गुणवत्ता पुस्तिकेची सक्ती गेली, पण धंद्यातली जोखीम ओळखा, असं आलं. जुन्या सर्टिफिकेटवाल्यांना नव्यावर यायला सप्टेंबर २०१८ पर्यंत मुदत होती. जोखमीचा तक्ता मी केला तेव्हा पहिल्या ओळीत वीज, दुसऱ्या ओळीत माणसं सोडून जाणं आणि पूर कुठेतरी खाली होता. ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं, कित्येक दिवस वाहतूक बंद. पॅक केलेला माल दारात पडून. जुलै २०२१ ला पुन्हा तेच. आता पूर पहिल्या ओळीत आहे, आणि जूनमध्येच थोडा तयार माल पुण्याला भाड्याच्या जागेत नेऊन ठेवतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये मानकात हवामानबदलाचा विचार करा अशी भर पडली, तेव्हा निदान त्या एका कलमासाठी मला काही नवीन लिहावं लागलं नाही.

२०२० चं ऑडिट मोबाइलवर झालं. मी फोन हातात धरून शॉपभर फिरत होते आणि ऑडिटर त्यांच्या घरून सांगत होते, "मॅडम, जरा डावीकडे. त्या रॅकवरचं लेबल दाखवा."

सायकलवरून येणारी ती मुलगी आता दोन मुलांची आई आहे, स्कूटरवरून येते. गेल्या वर्षी तिला अंतर्गत ऑडिटरच्या प्रशिक्षणाला पाठवलं. आपलं काम आपण तपासायचं नाही, एवढा त्यातला नियम. म्हणून तपासणी विभाग सोडून बाकीचं शॉप तिच्याकडे. पहिल्याच फेरीत तिने त्रुटी काढली ती थेट मालकांच्या केबिनमध्ये. एका नव्या पुरवठादाराकडून तीन वेळा माल घेतलेला, आणि मंजूर पुरवठादारांच्या यादीत त्याचं नावच नाही. हे म्हणाले, "अगं, तो माझा शाळेतला मित्र आहे!" तिने ते वाक्य जसंच्या तसं 'कारण' या रकान्यात लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला. उत्तराची मुदत येत्या शनिवारपर्यंत आहे.