किमोच्या 21 दिवसांत दुकानाचं गणित

किमो सुरू झाली की पहिला प्रश्न, शटर उघडायचं का? बऱ्याच किमोंची सायकल 21 दिवसांची असते. साधारण 7 ते 14व्या दिवसात पांढऱ्या पेशी सगळ्यात कमी असतात, तेव्हा गर्दीच्या काउंटरवर बसूच नका. माल भरणं, व्यापाऱ्याचं पेमेंट, लेकरांच्या वह्या-कपड्यांची खरेदी तिसऱ्या आठवड्यात टाका. ताप 100.4 फॅरनहाइटवर गेला तर गिऱ्हाईक समोर असलं तरी उठा, लगेच डॉक्टरांना फोन!

अकोल्याहून मुंबईला टाटा हॉस्पिटलला जाताय? दाखला दाखवून रेल्वेत स्लीपर, थर्ड एसीत पेशंटला पूर्ण सवलत, सोबत्याला 75 टक्के.

लेकरांपासून आजार लपवू नका, त्यांना कळतंच. आणि उधारीची वही घरच्यांना वाचता येईल अशी लिहा.