ग्लॅमॉर्गनचं बिनमांसाचं सॉसेज

सॉसेज म्हटलं की आतड्याच्या आवरणात ठासून भरलेलं मांस डोळ्यांपुढे येतं. दक्षिण वेल्सच्या ग्लॅमॉर्गन परगण्यातलं सॉसेज मात्र चीज, लीक आणि पावाचा चुरा यांचं असतं. त्याला आवरणही नसतं. वेल्श भाषेत ते ‘सेल्सिग मॉर्गानुग’. मांस नसलं तरी अंडं असतं, त्यामुळे आपल्याकडच्या हिशेबाने ते पुरतं शाकाहारी नाही. वेल्समध्ये मात्र शाकाहारी म्हणूनच खपतं.

जॉर्ज बॉरो या इंग्रज लेखकाने 1854 साली वेल्स पायी पालथं घातलं. 1862 साली छापून आलेल्या ‘वाइल्ड वेल्स’मध्ये एका न्याहारीचं वर्णन आहे: चहा, लोणी लावलेला टोस्ट आणि ग्लॅमॉर्गन सॉसेज. एपिंगच्या नावाजलेल्या सॉसेजपेक्षा ती तसूभरही कमी नाहीत, असा निर्वाळा तो देतो. त्यांत काय होतं हे मात्र सांगत नाही. या नावाने मांसाची सॉसेजही बनत, म्हणून बॉरोच्या ताटात चीजच होतं असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. आज घरोघरी होणारा प्रकार रुळला तो दुसऱ्या महायुद्धात. 1940 च्या मार्चमध्ये ब्रिटनमध्ये मांसाचं रेशनिंग सुरू झालं, ते 1954 पर्यंत टिकलं.

पूर्वी यात ग्लॅमॉर्गनचं स्वतःचं चीज पडे. पाठीवर पांढरा पट्टा असलेल्या तिथल्या तांबूस गाई घटत गेल्या आणि ते चीजही गेलं. त्याची जागा घेतली केअरफिलीने. कार्डिफच्या उत्तरेला असलेल्या केअरफिली गावाचं हे चीज पांढरंफटक, भुसभुशीत आणि लिंबासारखं आंबूस. कोळशाच्या खाणीत उतरणारे मजूर ते डब्यात नेत. महिनोन् महिने मुरवत ठेवावं लागणाऱ्या चेडरपेक्षा ते फार लवकर तयार होतं, म्हणून खाडीपलीकडच्या सॉमरसेटमधले शेतकरीही ते करू लागले. युद्धकाळात सरकारने दूध टिकाऊ चेडरकडे वळवलं तेव्हा केअरफिलीचं उत्पादनच बंद पडलं. म्हणजे हे सॉसेज ज्या काळात घराघरांत पोचलं, त्याच काळात त्याचं हक्काचं चीज बाजारातून नाहीसं झालं होतं. 2018 साली ‘ट्रॅडिशनल वेल्श केअरफिली’ला भौगोलिक मानांकन मिळालं. फार उशिरा झालेला हा न्याय आहे.

घरी करायचं तर सगळं कसब लीकपाशी. पातीच्या कांद्याचा हा आडदांड भाऊ. दांडा पांढरा राहावा म्हणून वाढताना त्याभोवती मातीची भर घालतात, आणि ती माती पापुद्र्यांत शिरून बसते. म्हणून तो उभा चिरून, पापुद्रे उलगडून वाहत्या पाण्याखाली धुवावा लागतो. मग अगदी बारीक चिरून लोण्यावर मंद आचेवर परतायचा. रंग बदलू द्यायचा नाही, पण पाणी पुरतं आटवायचं आणि मग पूर्ण गार करायचा. इथे घाई केली की सॉसेज तव्यात फुटणार! आत अडकलेल्या पाण्याची वाफ होते, ती कवच फोडते आणि वितळलेलं चीज बाहेर येतं.

चौघांसाठी दीडशे ग्रॅम पावाचा चुरा, तेवढंच केअरफिली आणि परतलेला शंभरेक ग्रॅम लीक. चुरा एक-दोन दिवसांच्या पावाचा हवा. पाकिटातला कोरडा चुरा मिश्रण रखरखीत करतो. त्यात पार्सली, थाइम, चमचाभर मोहरीची पूड, मिरी आणि दोन अंड्यांचा पिवळा बलक. मीठ जपून, कारण चीज खारट असतं. मिश्रण मुठीत दाबल्यावर एकजीव राहिलं पाहिजे. सुटत असेल तर थोडं दूध शिंपडावं. बोटभर लांबीचे रोल वळून अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवायचे, फेसलेल्या पांढऱ्या बलकात बुडवून चुऱ्यात घोळवायचे आणि थोड्या तेलात सगळीकडून खरपूस होईपर्यंत परतायचे. केअरफिली आंबूस असल्याने मोझरेलासारखी तार सोडत नाही. आतून मऊ, दाणेदार राहतं. ते मिळालं नाही तर चेशर किंवा लँकशर चीज चालतं. चेडरने चव उग्र होते आणि लीक मागे पडतो.

1 मार्चला, सेंट डेव्हिडच्या दिवशी, वेल्समध्ये लोक लीक कोटाला लावून मिरवतात. त्या दिवशी हे सॉसेज अनेक ताटांत असतं, सोबत टोमॅटोची किंवा कांद्याची आंबटगोड चटणी. एरवी ते न्याहारीला खातात, तव्यावरून उतरल्या उतरल्या, कवच कुरकुरीत आहे तोवर.