सीमेपलीकडचा आरोपी आणि आपला सरकारी वकील: गैरसमज आणि वस्तुस्थिती

10 एप्रिल 2025 रोजी 26/11 च्या हल्ल्यातला आरोपी तहव्वूर राणा याला अमेरिकेतून घेऊन विमान दिल्लीत उतरलं आणि खान्देशात एक प्रश्न सहज विचारला जाऊ लागला, "हा खटला आता निकम साहेबच चालवतील ना?" प्रश्नामागे आपलेपणा होता. उज्ज्वल निकम जळगावचे. जळगावच्याच न्यायालयात त्यांनी वकिली सुरू केली, तिथेच सरकारी वकील झाले आणि पुढे 1993 चे मुंबई बॉम्बस्फोट आणि 26/11 चा हल्ला या दोन मोठ्या खटल्यांत सरकारची बाजू मांडली. त्यामुळे परदेशात दडलेले सूत्रधार, प्रत्यार्पण, रेड नोटीस हे शब्द जळगाव-धुळ्याच्या चहाच्या टपरीवरही ओळखीचे झाले आहेत.

शब्द ओळखीचे झाले, पण त्यांच्याभोवती गैरसमजही साचले. असा आरोपी आणण्याचं काम धाकदपटशानं होत नाही. ते होतं कागदानं आणि पाळलेल्या शब्दानं. हे नीट कळलं, तर आपल्या व्यवस्थेकडून काय मागायचं तेही कळेल.

गैरसमज 1: ठावठिकाणा कळला की आपले पोलीस जाऊन आरोपीला उचलून आणू शकतात.

वस्तुस्थिती: मुंबई-आग्रा महामार्गावर शिरपूर सोडून पळासनेर ओलांडलं की मध्य प्रदेश लागतो. धुळ्याच्या न्यायालयानं काढलेलं अटक वॉरंट तिथेही चालतं, कारण ते भारतभर बजावता येतं. देशाच्या सीमेबाहेर मात्र त्या वॉरंटला स्वतःचं बळ नाही. तिथे आपल्या पोलिसाला अटकेचा अधिकारही नाही.

मग रस्ता लांबचा आहे. तपास यंत्रणा न्यायालयाचं वॉरंट, आरोपपत्र आणि पुरावे यांची फाइल तयार करते. ती गृह खात्यामार्फत परराष्ट्र मंत्रालयाकडे जाते. मंत्रालय ती दूतावासामार्फत त्या देशाच्या सरकारला देतं. मग तिथलं न्यायालय ती तपासतं आणि शेवटचा निर्णय बहुधा तिथलं सरकार घेतं. आपल्याकडे हे सगळं 1962 च्या प्रत्यार्पण कायद्यानुसार चालतं. राणाच्या प्रकरणात अमेरिकेत 2020 मध्ये त्याला या मागणीवरून अटक झाली, मे 2023 मध्ये कॅलिफोर्नियातल्या न्यायालयानं प्रत्यार्पणाला मान्यता दिली आणि जानेवारी 2025 मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयानं त्याची याचिका फेटाळली. मैत्रीचे संबंध असलेल्या, 1997 पासून प्रत्यार्पण करार असलेल्या देशातूनही एवढा काळ लागला.

गैरसमज 2: रेड नोटीस म्हणजे आंतरराष्ट्रीय अटक वॉरंट.

वस्तुस्थिती: रेड नोटीस इंटरपोल ही आंतरराष्ट्रीय पोलीस संघटना काढते. तिचं मुख्यालय फ्रान्समधल्या लिऑनला आहे आणि 196 देश तिचे सदस्य आहेत. पण इंटरपोलकडे स्वतःचे अटक करणारे पोलीस नाहीत. रेड नोटीस ही सदस्य देशांना केलेली विनंती असते: या व्यक्तीचा शोध घ्या आणि प्रत्यार्पणाची कार्यवाही होईपर्यंत तिला तात्पुरतं ताब्यात घ्या. त्यावर अटक करायची की नाही, हे प्रत्येक देश आपापल्या कायद्यानुसार ठरवतो. राजकीय, लष्करी, धार्मिक किंवा वांशिक स्वरूपाच्या प्रकरणात हस्तक्षेप करायला इंटरपोलच्या घटनेतच मनाई आहे.

भारतातून ही विनंती सीबीआयमार्फत जाते. जानेवारी 2025 मध्ये सीबीआयचं 'भारतपोल' हे पोर्टल सुरू झालं. राज्यांच्या पोलिसांच्या विनंत्या आता त्यावरून जातात. म्हणजे जिल्ह्यातल्या गुन्ह्याची फाइलही या वाटेनं जगभर पोचू शकते, पण ती तेवढी भक्कम असायला हवी.

गैरसमज 3: करार नसेल तर प्रत्यार्पण अशक्य.

वस्तुस्थिती: 1993 च्या बॉम्बस्फोटांतला आरोपी अबू सालेम याला सप्टेंबर 2002 मध्ये पोर्तुगालमधल्या लिस्बनला अटक झाली, तेव्हा भारत आणि पोर्तुगाल यांच्यात प्रत्यार्पण करार नव्हता. दहशतवादी बॉम्बस्फोटांविरुद्धच्या संयुक्त राष्ट्रांच्या करारावर दोन्ही देशांनी सही केलेली होती आणि परस्परांना सहकार्य करण्याची हमी दिली गेली. त्या आधारावर नोव्हेंबर 2005 मध्ये सालेम भारतात आला. पोर्तुगालबरोबरचा स्वतंत्र करार त्यानंतर, 2007 मध्ये झाला.

उलटही खरं आहे. करार असला म्हणजे माणूस येतोच, असं नाही. ब्रिटनबरोबर आपला करार आहे. तरीही फेब्रुवारी 2025 मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयानं शस्त्रव्यवहार सल्लागार संजय भंडारी याचं प्रत्यार्पण नाकारलं. तुरुंगात त्याला मारहाण आणि खंडणीचा धोका आहे, हे कारण न्यायालयानं मान्य केलं. आपल्या तुरुंगांची अवस्था हा आता परराष्ट्र व्यवहाराचाही विषय आहे.

गैरसमज 4: एकदा ताब्यात आला की हवा तो खटला चालवा, हवी ती शिक्षा द्या.

वस्तुस्थिती: सालेमला सोपवण्याआधी पोर्तुगालनं हमी मागितली होती आणि डिसेंबर 2002 मध्ये उपपंतप्रधान लालकृष्ण अडवाणी यांनी ती दिली: फाशी नाही आणि 25 वर्षांपेक्षा जास्त कैद नाही. पुढे, सोपवताना ठरलेल्या गुन्ह्यांबाहेरचे आरोप ठेवल्याचं कारण देऊन 2011 मध्ये लिस्बनच्या न्यायालयानं प्रत्यार्पणच रद्द ठरवलं. ज्या गुन्ह्यांसाठी माणूस सोपवला, त्यांच्यापुरताच त्याच्यावर खटला चालवावा, हा प्रत्यार्पणाचा जुना नियम आहे. अखेर 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं त्यातले काही आरोप मागे घ्यायला परवानगी दिली.

2017 मध्ये टाडा न्यायालयानं सालेमला जन्मठेप सुनावली. पण जुलै 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की देशानं दिलेला शब्द केंद्र सरकारवर बंधनकारक आहे. 25 वर्षं पूर्ण झाली की सरकारनं सुटकेसाठी राष्ट्रपतींना सल्ला द्यावा. 1993 च्या स्फोटांत 257 माणसं गेली. त्यांच्या घरच्यांना हे ऐकणं किती जड असेल, याची कल्पना करता येते. तरीही हा शब्द पाळला नाही, तर पुढचा आरोपी कुठलाही देश आपल्या हाती देणार नाही.

गैरसमज 5: आरोपी परदेशातच राहिला तर आपल्या खटल्याला त्याचा काही उपयोग नाही.

वस्तुस्थिती: 26/11 च्या कटात सहभागी असलेल्या डेव्हिड हेडलीनं 2010 मध्ये अमेरिकन सरकारशी कबुलीचा करार केला. त्यात त्याला भारताच्या हवाली करायचं नाही, असं ठरलं. पण परदेशी न्यायालयांपुढे साक्ष देण्याची अटही त्यातच होती. डिसेंबर 2015 मध्ये मुंबईच्या न्यायालयानं त्याला माफीचा साक्षीदार केलं. फेब्रुवारी 2016 मध्ये न्यायाधीश जी. ए. सानप यांच्यापुढे पडद्यावर हेडली दिसू लागला आणि जळगावच्या वकिलानं त्याची साक्ष नोंदवून घेतली. हल्ल्याआधीची टेहळणी, लष्कर-ए-तय्यबाशी आणि आयएसआयशी असलेले संबंध, हे त्यानं स्वतः न्यायालयात सांगितलं. माणूस आला नाही, पण साक्ष आली.

त्याआधी 26/11 त जिवंत सापडलेला हल्लेखोर कसाब याच्या खटल्यात अमेरिकेच्या एफबीआयच्या अधिकाऱ्यांनी मुंबईत साक्ष दिली. हल्लेखोरांकडच्या जीपीएस उपकरणांत काय सापडलं, ते त्यांनी सांगितलं. याखेरीज न्यायालय परदेशी यंत्रणेला विनंतिपत्र पाठवून तिथला पुरावा मागवू शकतं. ही तरतूद आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 मध्ये आहे. त्याच संहितेच्या कलम 356 नुसार, खटला टाळण्यासाठी फरार झालेल्या घोषित गुन्हेगाराविरुद्ध त्याच्या गैरहजेरीतही खटला चालू शकतो. मात्र त्याआधी पुरेशी सूचना द्यावी लागते, आरोप निश्चित झाल्यावर 90 दिवस थांबावं लागतं आणि त्याच्यासाठी वकील द्यावा लागतो.

गैरसमज 6: नवा मुख्य वकील आला की परदेशाशी ठरलेलं सगळं पुन्हा शून्यापासून.

वस्तुस्थिती: सहकार्य दोन देशांत होतं, दोन व्यक्तींत होत नाही. करार, हमी, विनंतिपत्रं ही सगळी सरकारच्या नावानं असतात, त्यामुळे ती वकिलाबरोबर येत-जात नाहीत. राणाच्या खटल्यासाठी केंद्र सरकारनं एप्रिल 2025 मध्ये नरेंद्र मान यांची तीन वर्षांसाठी विशेष सरकारी वकील म्हणून नेमणूक केली. त्यांच्या हाती आलेली फाइल 2009 पासून घडत आलेली होती. निकम यांना त्याच वर्षी जुलैमध्ये राष्ट्रपतींनी राज्यसभेवर नियुक्त केलं.

दुसरी गोष्ट, आपल्याकडे सरकारी वकील तपास चालवत नाही. तपास पोलिसांचा, खटला वकिलाचा. अमेरिकेत सरकारी वकील तपासाच्या सुरुवातीपासून सोबत असतो. त्यामुळे तिथला अधिकारी आपल्या वकिलाशी बोलतो तेव्हा पुराव्याबद्दल जे प्रश्न विचारतो, त्यांची उत्तरं तपास अधिकाऱ्यानं आधीच कागदावर आणलेली असावी लागतात. नव्या वकिलाची पहिली कसोटी तीच: जुनी फाइल वाचून परदेशी न्यायालयाला पटेल अशी मांडणी करणं.

गैरसमज 7: आरोपीला वकील आणि पूर्ण सुनावणी देणं म्हणजे लाड. कसाबला तर बिर्याणी खाऊ घातली.

वस्तुस्थिती: कसाबनं बिर्याणी कधी मागितलीच नव्हती. त्याच्याविषयी सहानुभूतीची लाट तयार होत होती, ती थांबवायला आपण ती गोष्ट रचली, असं स्वतः निकम यांनी 2015 मध्ये जाहीरपणे सांगितलं. खटल्याचा निकाल त्या गोष्टीवर लागला नाही. तो साक्षी, पंचनामे, कॅमेऱ्यातली चित्रं आणि शास्त्रीय अहवाल यांवर लागला. मे 2010 मध्ये विशेष न्यायालयानं फाशी सुनावली, फेब्रुवारी 2011 मध्ये उच्च न्यायालयानं आणि ऑगस्ट 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती कायम केली. 21 नोव्हेंबर 2012 रोजी येरवड्यात ती अमलात आली. तिन्ही पातळ्यांवर त्याच्या बाजूनं वकील उभा होता.

हेच आपलं सर्वांत मोठं बळ आहे. प्रत्यार्पणाची फाइल हाती घेणारा परदेशी न्यायाधीश विचारतो, या देशात आरोपीला न्याय्य सुनावणी मिळते का? 166 माणसं मारणाऱ्या हल्ल्यातल्या जिवंत सापडलेल्या आरोपीलाही आपण वकील आणि अपील दिलं, हे त्या प्रश्नाचं कागदोपत्री उत्तर आहे.

आपल्या दारापर्यंत

हा विषय दहशतवादापुरता उरलेला नाही. जळगावच्या निवृत्त शिक्षकाला किंवा धुळ्याच्या व्यापाऱ्याला 'डिजिटल अटके'ची भीती घालून लुटणारा आवाज आज दुसऱ्या देशातून येऊ शकतो. पैसे गेल्याचं कळताच 1930 या क्रमांकावर फोन करायचा, कारण पहिल्या काही तासांत ते खात्यात गोठवता येतात. मेसेज, कॉल नोंदी, व्यवहाराचे स्क्रीनशॉट पुसायचे नाहीत. जप्त केलेल्या मोबाइलमधला पुरावा न्यायालयात टिकायचा तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते प्रमाणपत्र नसलं किंवा पंचनाम्यावरची वेळ चुकली, तर ती चूक पुढे प्रत्येक न्यायालयात सोबत जाते, आपल्याही आणि परक्याही.

हेडलीला प्रश्न विचारणारे वकील जळगावच्या न्यायालयातून घडले. परदेशी न्यायालयात टिकणारी फाइलही जळगावच्या, धुळ्याच्या पोलीस ठाण्यातच घडायची आहे. तिथल्या हवालदाराला त्यासाठी प्रशिक्षण, वेळ आणि साधनं मिळाली पाहिजेत, आणि ती आपण मागितली पाहिजेत.